वळखीतली एक बाई

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर पूर्वी ‘कुंडल रोड’ अशी पाटी होती. आजूबाजूला माळ, माळावर फड्या निवडुंग आणि निवडुंगाच्या बुडाशी साप. बेळगावातून बिऱ्हाड हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली हा माळ दिला आणि तिथं लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. औंध गाव इथून बरंच लांब, साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराखाली. पण संस्थान होतंच तसं विस्कटलेलं. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं आणि गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. सगळी मिळून ७२ गावं. आज त्यांतली काही साताऱ्यात, काही सांगलीत आणि गुणदाळकडची कर्नाटकात आहेत.

नांगराच्या कारखान्यातून मासिकं निघावीत ही गंमतच म्हणायची. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. या सगळ्यामागं होते शंकरराव किर्लोस्कर, ‘शंवाकि’. मूळचे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडं ते चित्रकला शिकले, आणि हे सातवळेकर पुढं वेदांचे पंडित म्हणून औंधातच येऊन राहिले. संस्थान एवढंसं, पण माणसांची ये-जा अशी.

‘स्त्री’ निघालं तेव्हा त्या कचेरीत पुरुषांचंच राज्य होतं. अंक मात्र बायकांसाठी, आणि बायकांनी त्यात लिहावं ही संपादकांची इच्छा. आता १९३० सालातल्या बाईनं लिहायचं म्हणजे काय, हे जरा नजरेसमोर आणून बघा. कार्ड उघडं असतं, त्यामुळं पोस्टमन वाचणार. पाकीट टाकायचं तर तिकिटाचे पैसे मागावे लागणार. पत्ता लिहायला अक्षर चांगलं हवं, म्हणून दिराला सांगावं तर संपलंच. एवढं करून मजकूर छापून आला आणि खाली नाव आलं, तर माहेर-सासर दोन्हीकडं तोंड दाखवायची सोय नाही. त्या काळच्या मराठी मासिकांत, वर्तमानपत्रांत ‘एक भगिनी’, ‘एक अनुभवी’, ‘एक वाचक’ अशा सह्या पानोपानी दिसतात, त्या काही लाजाळूपणाच्या नव्हेत. तो पुरता हिशेब होता.

याच संस्थानात आणखी एक प्रयोग झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. गांधीजींच्या सल्ल्यानं, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीनं जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजानं आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. गावोगाव पंचायती निवडून आल्या, न्यायनिवाडा गावातच होऊ लागला. वकील नको, तालुक्याचे हेलपाटे नकोत. तक्रारदारानं उभं राहायचं, नाव सांगायचं, गाऱ्हाणं मांडायचं. पंचांना दोघांचीही घरं माहीत, दोघांचे बापही माहीत. बांधाचं भांडण, पाटाचं पाणी, उधारी, चरून गेलेली ज्वारी, हे सगळं या न्यायात बसतं. सासूच्या तोंडाचं काय? तिसरी मुलगीच झाली म्हणून आठ दिवस न बोललेल्या नवऱ्याचं काय? ते चावडीपुढं कोण मांडणार? नावानिशी सांगायच्या गाऱ्हाण्यांची सोय औंधनं केली, आणि तीही भारतात बहुतेक सगळ्यांच्या आधी. बिननावाच्या गाऱ्हाण्यांसाठी त्याच संस्थानात, कुंडलच्या माळावर, ‘स्त्री’ची टपालपेटी होती. दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या हद्दीत घडल्या, याकडं आपलं फारसं लक्ष जात नाही.

मला विचाराल तर गाऱ्हाण्यापेक्षा त्यावर ऐकणारा सहज काय बोलून जातो, ते जास्त महत्त्वाचं. ‘चालायचंच’, ‘आसंच आसतंय समद्यांचं’, ‘घरोघरी मातीच्या चुली’, ‘आगं बया!’ या प्रतिक्रियांना कोणी किंमत देत नाही. त्या जिभेवरच असतात, विचार करून कोणी देत नाही. पण ज्याचं दुःख असतं त्याला तेवढंच हाती लागतं. आणि बिननावाच्या गोष्टीला आपल्याकडं बहुतेक वेळा यातलं काहीच मिळत नाही. तिला एकच प्रतिक्रिया मिळते : कोण गं ही?

‘कळ्यांचे निःश्वास’चं हेच झालं. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी हे पुस्तक काढलं. लेखिका विभावरी शिरूरकर, असं नाव त्यावर होतं, पण अशी बाई महाराष्ट्रात कुठं नव्हती. गोष्टी होत्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या. घर मुलीच्या पगारावर चाललंय, म्हणून आईबापच तिच्या लग्नाचा विषय काढेनासे होतात. बाईलाही शरीर असतं आणि ते काहीतरी मागतं. विवाहित पुरुष सहानुभूतीच्या वाटेनं जवळ येतो. या गोष्टी घरोघर चालत होत्या. खऱ्या आहेत की खोट्या, हा वाद घालायची गरजच नव्हती, आपल्याच माजघरात डोकावलं की झालं. तरी गदारोळ उठला. आणि पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते लिहिलं कोणी, याचीच चर्चा जास्त रंगली. बाईचं नाव घेऊन कोणी पुरुषच लिहितोय, असेही तर्क लढवले गेले.

लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात शिकलेल्या, मुलींना शिकवणाऱ्या. वडिलांचं घर घोडनदीला, म्हणजे शिरूरला, म्हणून शिरूरकर. मोट्यांच्या पत्नी कृष्णाबाई या त्यांच्या सख्ख्या बहीण, म्हणजे गुपित घरातलंच होतं. नाव कळलं असतं तर नोकरी गेली असती, इतकं साधं ते प्रकरण होतं. पण लोकांना वाटलं, नाव लपवलंय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. या वृत्तीचं मला फार नवल वाटतं. निनावी पत्र पोलिसांत आलं की आपण म्हणतो, बिचारा घाबरला असेल. निनावी गोष्ट बाईनं लिहिली की म्हणतो, हिला भीती कसली, हिनं काहीतरी केलंच असणार.

हे मराठीतच आणि तेव्हाच झालं असंही नाही. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रं आली. लिहिणाऱ्या होत्या रखमाबाई. लहानपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून नवऱ्याकडं नांदायला न जाणाऱ्या, आणि त्यासाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या. पुढं त्या डॉक्टर झाल्या. त्यांची पत्रं चांगल्या इंग्रजीत होती, हाच त्यांचा गुन्हा ठरला. बाईला असं लिहिता येईल यावरच कित्येकांचा विश्वास बसेना. पत्रातल्या मजकुराला उत्तर द्यायचं राहिलं बाजूला.

याच्या अगदी उलट एक माणूस ‘कळ्यांचे निःश्वास’च्या काळात मुंबईत बसला होता. रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ साली सुरू झालं आणि १९५३ साली, त्यांच्या मृत्यूपर्यंत, चाललं. त्यात वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरं असत. प्रश्न नावांशिवाय. विषय असे, की ते नवरा बायकोशी बोलणार नाही आणि मुलगा बापाशी तर नाहीच नाही. उत्तरं मात्र किराणा दुकानदारानं भाव सांगावा तशी. दोन ओळी, कधी एकच. हे चालेल, यानं काही होत नाही, ही भीती खोटी आहे, डॉक्टरला दाखवा. सहानुभूतीचा एक शब्द नाही आणि ‘तुम्ही असं का केलंत’ हेही नाही. आजच्या वाचकाला हा माणूस रुक्ष वाटेल. मला तो त्या पत्रलेखकांना भेटलेला सगळ्यात सभ्य माणूस वाटतो. कारण त्यानं प्रश्नाला उत्तर दिलं, माणसाची झडती घेतली नाही. वर्षानुवर्षं छातीवर धोंडा घेऊन हिंडणाऱ्याला ‘यानं काही होत नाही’ हे चार शब्द म्हणजे काय, ते धोंडा वाहिलेल्यालाच कळतं.

सरकारला आणि सनातन्यांना ते सोसलं नाही. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. असल्या विकृत प्रश्नांना उत्तरं द्यायचीच कशाला, असा मुद्दा निघाला. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. लोक विचारतात, तर ज्याला माहीत आहे त्यानं सांगितलं पाहिजे. कर्वे खटला हरले, २०० रुपये दंड झाला. त्यांनी दंड भरला आणि उत्तरं देणं चालू ठेवलं.

पुन्हा कुंडलकडं येतो, कारण नाव न विचारण्याची विद्या या मुलखाला चांगलीच येत होती. १९४२ नंतर कुंडल हे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं ठाणं झालं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि कितीतरी भूमिगत या गावांतून, मळ्यांतून हिंडत. इंग्रजी हद्दीतून निसटून औंधच्या हद्दीत यायचं, संस्थान काणाडोळा करी. रात्री दारात कोणी उभं राहिलं तर बाईनं भाकरी, चटणी, कांदा पुढं ठेवायचा. कुठला, कोणाचा, कशाला आलास, हे विचारायचं नाही. नाव माहीत नसलं की पोलिसांच्या मारानंही ते तोंडातून निघत नाही. त्या पिढीच्या बायकांनी हे वर्षानुवर्षं पाळलं. त्याच बायकांना शेजारणीच्या पत्राखालचं नाव ओळखायचा मोह आवरला असता का, हे सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एका घरात सुखानं नांदतात.

पण लेखणी हातात येण्याआधीही या मुलखात बिननावाच्या गोष्टी आणि त्यांच्या प्रतिक्रिया होत्याच. पहाटे जात्यावर. जातं दोघींनी ओढायचं, समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात घालून. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं धरायची. सासू, नणंद, माहेर, भाऊ न आल्याचं दुःख, नवऱ्याचा हात, सगळं ओवीत. ओवी कोणाची? कोणाचीच नाही. सासू पलीकडच्या खोलीत जागी असली तरी तिला म्हणता येत नाही की हे माझ्यावर आहे, कारण ही ओवी तिच्याही सासूनं गायलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्यांची नावं त्यांनी नोंदवली, गावं नोंदवली, पण रचणारीचं नाव नोंदवायची सोयच नव्हती. आणि समोरच्या बाईची प्रतिक्रिया काय असायची? तिनं पुढची ओवी घ्यायची, एवढीच. तिनं सल्ला दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. जातं थांबवून ‘काय झालं गं?’ असं विचारलं तर दळण राहील. पिठाची गिरणी आली, बायकांचे हात सुटले, ते चांगलंच झालं. पण ती समोरची बाईही गेली.

ती पुरती गेलेली नाही, हे मला औंधच्या एसटी स्टँडवर कळलं. दुपारची वेळ, पुसेसावळीकडची गाडी लागायची होती. बाकावर तीन बायका, एका टोकाला टोपीवाले एक गृहस्थ, दुसऱ्या टोकाला मी. बाजाराच्या पिशव्या पायाशी. मधल्या बाईनं सुरुवात केली.

‘‘आमच्या वळखीतली एक बाई हाय. तिनं बचत गटातनं कर्ज काडलं आन् म्हस घेतली. चांगली धा लिटरची. धार ती काडती, वैरण ती आणती, हप्ता ती भरती. आन् डेअरीचं खातं?’’

‘‘नवऱ्याच्या नावावर,’’ कडेची म्हातारी म्हणाली. तिनं वर बघितलंही नाही, ती शेंगा सोलत होती.

‘‘व्हय. आठव्या दिवशी जाऊन सोताच्या नावावर करून आला.’’

‘‘आगं बया!’’ म्हातारीनं शेंग तोंडात टाकली. ‘‘आन् शेण? ते कुणाच्या नावावर हाय?’’

तिघी हसल्या. सांगणारी तर पदर तोंडाला लावून हसली, मग डोळे पुसले. ‘‘शेण तिच्याच,’’ ती म्हणाली. ‘‘शेणाला कुठलं आलंय खातं?’’

इतक्यात टोपीवाले गृहस्थ वळले. त्यांना खरोखर मदत करायची होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘‘कुठल्या गावची म्हणायची ही बाई? डेअरी कुठली? चेअरमन वळखीचा असंल तर सांगतो की मी.’’

बाईचं हसू गेलं. ‘‘लांबची हाय,’’ ती म्हणाली आणि पिशवीची गाठ आवळायला लागली. म्हातारीनं त्या गृहस्थांकडं असं बघितलं, की त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

म्हातारीला सगळं कळलं होतं. तिचा शेणाचा शेरा म्हटला तर टवाळी. पण त्या एका वाक्यात तिनं हिशेब पुरता मांडला, बाजू कोणाची घ्यायची ते ठरवलं, आणि ‘ती तूच ना’ हे शब्द गिळून टाकले. गृहस्थांनी मदत देऊ केली आणि पहिल्याच वाक्यात बाईचा आडोसा काढून घेतला. चेअरमनला सांगणं बरोबर होतं, कदाचित उपयोगाचंही होतं. पण ते सांगायला बाईनं आधी स्वतःच्या नावानं म्हशीची मालकीण व्हायला हवं होतं, आणि त्या दुपारी तिची तेवढी तयारी नव्हती.

अर्थात प्रत्येक गोष्ट शेंगा सोलत ऐकायची नसते. ‘घरोघरी मातीच्या चुली’ या म्हणीनं या मुलखात जितक्या बायकांना धीर दिला असेल, तितक्याच बायकांना गप्पही बसवलं असेल. मार खाल्लेल्या बाईला ‘चालायचंच’ म्हणणारी शेजारीण तिला पुन्हा त्याच घरात ढकलत असते. सहज प्रतिक्रिया कुठं पुरते आणि कुठं ती गुन्ह्यात सामील होते, याची रेघ आपल्याकडं फार उशिरा आखली गेली, आणि ती आखण्यात ‘स्त्री’ मासिकातल्या माणसांचा हात होता. मासिकं तोवर किर्लोस्करवाडीहून पुण्याला गेली होती. विद्या बाळ १९६४ पासून ‘स्त्री’त होत्या, पुढं संपादक झाल्या. १९८२ साली पुण्यातल्या मंजुश्री नावाच्या विवाहितेच्या मृत्यूनंतर त्यांच्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन काढलं आणि गावोगाव नेलं. चित्रं, मजकूर, बस. पण प्रदर्शन बघून झालं तरी बायका जाईनात. कोपऱ्यात थांबून त्या कार्यकर्त्या मुलींना सांगायला लागल्या, हे आमच्या घरातलंच आहे. नाव सांगत होत्या, नव्हत्या. प्रदर्शनाच्या नावातच त्यांना एक उसनं नाव मिळालं होतं. यातून ‘बोलते व्हा’ हे केंद्र निघालं, जिथं बाईनं यावं, बोलावं आणि पुढं काय करायचं ते तिनंच ठरवावं. हे नावही किती नेमकं! ‘सांगा’ नव्हे, ‘तक्रार करा’ नव्हे.

विभावरी शिरूरकर आणि बोलते व्हा केंद्र यांच्यामध्ये पन्नास वर्षं गेली. या पन्नास वर्षांत बायका जास्त बोलायला लागल्या असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. बायका आधीही बोलत होत्या, जात्यावर, पाणवठ्यावर, मासिकाच्या पत्रात, वळखीतल्या बाईच्या आडून. काही थोड्या लोकांनी ‘कोण गं ही?’ हा प्रश्न गिळायला शिकून घेतलं, एवढाच फरक. मालती बेडेकरांना १९८१ च्या समांतर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. त्यावेळी त्या पंचाहत्तरीला आल्या होत्या.

औंध भागातल्या एका वाडीत आशाताई म्हणून काम करणाऱ्या बाईंशी मी यावर बोलत होतो. घरोघर जाणं हेच त्यांचं काम. हातात रजिस्टर, खांद्याला गोळ्यांची पिशवी. रजिस्टरमध्ये नाव, वय, मुलं, सगळं लिहावं लागतं. म्हणजे नाव विचारणं ही त्यांची नोकरीच. मी विचारलं, मग बायका तुम्हाला सांगतात कशा?

‘‘आवं, सोताचं कोन सांगतंय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागं एकजण म्हनली, ताई, आमच्या वळखीतल्या एका बाईच्या अंगावरून लई पांढरं जातंय, कंबर दुखती, तिला काय सांगू? मी म्हनलं, तिला म्हनावं, आसं लई जनींना आसतंय, घाबरू नको. पर अंगावर काडायचं न्हाई. बेस्पतवारी डाक्टरीनबाई येत्यात, पाठवून द्या.’’

‘‘मग? पाठवलं?’’

‘‘हीच आली की! केसपेपरला नाव विचारलं, तर आपलंच सांगितलं तिनं. मी पन काय बोलले न्हाई, ती पन न्हाई.’’

‘‘आणि ती वळखीतली बाई?’’

ताईंनी रजिस्टर बगलेत मारलं. ‘‘ती ऱ्हायलीच. आता त्याच घरातली धाकटी जाऊ म्हनती, तिच्या वळखीतल्या एका बाईचंबी तसंच हाय.’’